वर्धेच्या रेतींत एक दिवस

वऱ्हाडांतील मुलांचा समुद्राशीं परिचय होतो तो भूगोलाच्या पुस्तकांतून आणि भिंतीवरच्या चित्रांतून. अमरावतीहून मुंबई साडेसहाशें किलोमीटरांहूनही दूर; सारी रात्र आगगाडींत काढावी तेव्हां कोठें सकाळीं समुद्राचें दर्शन व्हावयाचें. कोंकणांतील मूल ज्या वयांत लाटांशीं खेळूं लागतें, त्या वयांत आमच्याकडील मूल काळ्या मातींतलीं ढेंकळें फोडीत असतें. त्यांत उणें असें कांहीं नाहीं. पण जें पाहिलें नाहीं त्याची ओढ अधिक, हा मनुष्यस्वभाव लहानांनाही सुटलेला नाहीं.

यंदा पौषांत अकोल्याच्या वन्सं आपलीं दोन मुलें घेऊन चार दिवस माहेरपणास आल्या. जाऊबाईंचीं दोन, माझा एक आणि त्यांचीं दोन अशीं पांच मुलें घरांत जमलीं. सर्वांत थोरली अकरा वर्षांची, सर्वांत धाकटा, म्हणजे माझा मुलगा, पांच वर्षांचा. एके सायंकाळीं त्यांनीं समुद्रकांठीं वाळूचे किल्ले बांधणाऱ्या मुलांचें एक चित्र पाहिलें, आणि "आम्हांलाही समुद्रावर न्या" असा एकच धोशा लावला. रजा कोणास नव्हती, आणि एवढ्या मंडळींच्या मुंबईच्या खर्चाचा विचारही करवत नव्हता. अखेर भाऊजी म्हणाले, "समुद्र नाहीं तर नाहीं, रेती तर आहे? रविवारीं सगळीं वर्धेवर जाऊं." वाळूला आमच्याकडे रेतीच म्हणतात.

मुलांनीं घर डोक्यावर घेतलें. आम्हां मोठ्यांचे डोळे मात्र सासूबाईंकडे लागले. नदी, तलाव, विहीर यांच्याजवळ मूल न्यावयाचें नाहीं हा आमच्या घरचा जुना दंडक. तो सासूबाईंनीं घातलेला. त्याचें कारण त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं आणि आम्हींही कधीं विचारलें नाहीं. घरांतील एकाही मुलाला पोहतां येत नाहीं तें याच दंडकापायीं. त्या वाती वळीत बसल्या होत्या. हातांतली वात पुरी करून त्या म्हणाल्या, "न्या. पण मीही येईन." आम्हां सर्वांनाच नवल वाटलें.

शनिवारीं रात्रींच तयारी झाली. दशम्या, मेतकूट, वांग्याचें भरीत, लिंबाचें लोणचें, मुलांकरितां दहीभात आणि संक्रांतीसाठीं केलेल्या तिळाच्या लाडवांतले कांहीं लाडू. पाण्याचे दोन मोठे जार, सतरंज्या, मुलांचे जादा कपडे, आणि किल्ल्यांसाठीं घरांतल्या सगळ्या जुन्या वाट्या व एक फुटका डाव. रविवारीं सात वाजतां दोन मोटारींतून आम्ही निघालों.

नागपूरच्या रस्त्यानें नांदगांव पेठ मागें पडलें आणि थंडीचें धुकें हळूहळू विरूं लागलें. दोहों बाजूंस शेवटच्या वेचणीचा कापूस, मध्येंच तुरीचे पट्टे, हरभऱ्याचा हिरवा गालिचा. मोझरीस गुरुकुंजासमोर पांच मिनिटें थांबून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीचें दर्शन घेतलें. तिवशाच्या पुढें महामार्ग सोडून कुऱ्ह्याच्या बाजूस वळलों, आणि नऊच्या सुमारास कौंडिण्यपूर आलें.

कौंडिण्यपूर हें विदर्भाचें प्राचीन राजनगर, भीष्मक राजाची राजधानी आणि रुक्मिणीचें माहेर मानलें जातें. वर्धेच्या उंच कांठावर विठ्ठल-रुक्मिणीचें मंदिर आहे. जवळच अंबिकेचें स्थान. देवीच्या दर्शनास आलेल्या रुक्मिणीला श्रीकृष्णानें रथांत घेऊन नेलें तें येथूनच, अशी श्रद्धा आहे. माहेरची म्हणून येथून रुक्मिणीची पालखी आषाढींत पायीं पंढरपुरास जाते. ही प्रथा चारशें वर्षांहून जुनी सांगतात. गांवालगतच्या टेकाडांचें उत्खनन १९६० नंतरच्या दशकांत डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं केलें, आणि येथील वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी असल्याच्या खुणा हातीं लागल्या. थोरल्या पुतणीला रुक्मीचा राग आला, तर माझ्या धाकट्याचा एकच प्रश्न : "रथ रेतींत रुतला कसा नाहीं?" त्यावर आमच्यांतील कोणापाशींच उत्तर नव्हतें.

दर्शन आटोपून नदीच्या वरच्या अंगास कांहीं अंतर गेलों. तेथें एका लहानशा गांवाखालीं भाऊजींच्या माहितीचा रेतीचा पट्टा होता. गांवाचें नांव मी मुद्दामच देत नाहीं. त्याचें कारण पुढें येईल. दरड उतरतांच मुलांनीं जो जल्लोष केला तो समुद्र पाहूनही याहून मोठा झाला नसता. पात्राच्या एका कडेनें गुडघाभर निवळ पाणी वाहत होतें आणि अलीकडे फिकट पिवळ्या, मऊ रेतीचें मैदान दूरवर पसरलें होतें. पावसाळ्यांतील पुरानें रेतीवर लाटांसारख्या ओळी उठविल्या होत्या. मुलांनीं पायतणें भिरकावलीं आणि तीं धांवत सुटलीं.

पलीकडे एक भोई आणि त्याची बायको डांगरवाडीच्या कामांत होतीं. ज्यांना ही शेती ठाऊक नसेल त्यांच्याकरितां सांगतें. पाऊस सरून रेती उघडी पडली कीं भोई-ढिवर मंडळी पात्रांत लांबच लांब चर खणतात. खालीं ओल लागेपर्यंत रेती बाजूस सारावयाची, चरांत खत घालावयाचें, आणि त्यांत टरबूज, डांगर, काकडी यांचें बीं लावावयाचें. वाऱ्यानें रेती उडून कोंब झांकले जाऊं नयेत म्हणून गवताचे आडोसे उभे करितात. वर रेती तापते, पण मुळें खालच्या ओलाव्यांत असतात. चैत्र-वैशाखांत आपण ज्या फळानें उन्हाळा शमवितों तें अशा कोरड्या दिसणाऱ्या जागेंत पिकतें. अवेळीं पाणी वाढलें तर एका रात्रींत सारा मळा वाहून जातो. मग हाकेस धांवणारें कोणी नाहीं.

तो भोई आमच्याकडे येऊन म्हणाला, "बाई, लेकरायले हातापाशी ठेवजा. तिकडं रेती नेली त्याचे खड्डे हायेत. वरून दिसत नाहीत." त्यानें बोट दाखविलें तेथें पाणी आरशासारखें शांत होतें. आम्हीं माना डोलावल्या, मुलांना हाका मारून "तिकडे जाऊं नका" असें बजावलें, आणि आपलें कर्तव्य संपलें असें समजलों.

दीड-दोन तास आनंदांत गेले. किल्ले उठले, खंदक झाले, वाट्यांचे बुरूज झाले. सासूबाई सतरंजीवर पदर डोक्यावरून घेऊन बसल्या होत्या. त्या बोलत नव्हत्या, त्यांनीं जपाची माळही काढली नव्हती. मधूनमधून ओठ हलत होते. त्या मुलें मोजीत होत्या हें मला मागाहून कळलें.

बाराच्या सुमारास जेवणाची वेळ झाली. भाऊजी थोरल्या दोघांना घेऊन उथळ पाण्यांत उभे होते. हे मोटारींतून पाण्याचा जार आणावयास दरड चढून गेले होते. जाऊबाई ताटल्या पुशीत होत्या. मी आणि वन्सं डबे उघडीत होतों. धाकटीं तिघें आमच्या मागें खेळत होतीं. मला वाटत होतें, वन्संचें तोंड तिकडे आहे. वन्संना वाटत होतें, मी पाहत आहें. जाऊबाईंना वाटत होतें, आम्ही दोघी आहोंतच. एवढ्यांत सासूबाई ओरडल्या, "चारच!"

तो आवाज मी जन्मभर विसरणार नाहीं. मान वळवून पाहतें तों माझा मुलगा चेंडूमागें त्या आरशासारख्या पाण्याच्या कांठाशीं पोंचलेला. हाक मारणार तोंच त्याच्या पायांखालचा कांठ ढांसळला आणि तो कमरेपर्यंत खालीं सरकला. तो ओरडला नाहीं, रडला नाहीं. नुसते दोन्ही हात पसरून आमच्याकडे पाहत राहिला. रेती त्याच्या भोंवतीं सरकत होती. डांगरवाडींतला भोई आमच्याहून जवळ होता. तो आडवा पडून पुढें सरकला, मुलाचा दंड धरला, आणि भाऊजी येऊन पोंचले तेव्हां दोघांनीं मिळून त्याला ओढून काढलें. हें सारें घडावयास अर्धें मिनिटही लागलें नसेल. मागाहून भोयानें आपला वेळू त्या जागीं पाण्यांत सोडला. पुरुषभर उंचीचा वेळू पुरा आंत गेला, पण तळ लागला नाहीं.

मुलाला पोटाशीं धरून मी मटकन् खालीं बसलें. वन्सं रडूं लागल्या. हे खालीं आले तेव्हां त्यांच्या हातांतून जार गळून पडला. कोणीतरी म्हणालें, "आवरा, घरीं चला." आम्ही सतरंज्या गुंडाळूं लागलों. तेव्हां सासूबाई म्हणाल्या, "थांबा. आज असेंच घरीं गेलों तर या मुलांच्या मनांत नदी म्हणजे भूत होऊन बसेल. माझ्या मनांत बसलें तसें."

मग त्यांनीं जें सांगितलें तें आमच्या घरांत कोणासही ठाऊक नव्हतें. त्यांचें माहेर अकोला जिल्ह्यांत, पूर्णेच्या कांठीं. त्या नऊ वर्षांच्या असतांना मावशीच्या लग्नासाठीं घर माणसांनीं भरलें होतें. दुपारीं बायका-मुलें नदीवर गेलीं. त्यांचा धाकटा भाऊ सहा वर्षांचा. आईला वाटलें, तो ताईपाशीं आहे; ताईला वाटलें, तो आईपाशीं आहे; बाकीच्यांना वाटलें, एवढीं माणसें आहेत, कोणाजवळ तरी असेलच. परत निघतांना मोजलीं तेव्हां एक कमी. संध्याकाळीं तो डोहांत सांपडला. "कोणीही मला बोललें नाहीं," सासूबाई म्हणाल्या, "पण त्या दिवसापासून मी नदीस पाय लावला नाहीं, आणि तुम्हांलाही लावूं दिला नाहीं. मला वाटे, मुलें दूर ठेवलीं कीं राखलीं. आज पाहिलें, तसें नव्हे. या मुलांना पाणी माहीत असतें तर हा तिकडे गेला नसता. नदीनें माझा भाऊ नेला नाहीं, सूनबाई. कोणी पाहत नव्हतें, म्हणून तो गेला."

इतकें बोलून त्या उठल्या, निऱ्या वर खोंचल्या, आणि मुलांना म्हणाल्या, "या, मी तुम्हांला झिरा करावयास शिकवितें."

येथें पूर्णेकडील एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. शेंकडों फूट जाडीच्या गाळांतील भूजल खारें असल्यामुळें तेथील शेंकडों गांवांच्या विहिरींचें पाणी पिण्यास निरुपयोगी. तेथें एके काळीं समुद्र होता अशी जुनी समजूत आहे. क्षार आले कोठून याविषयीं शास्त्रज्ञांचें अजून एकमत नाहीं. तेव्हां सासूबाईंच्या लहानपणीं बायका विहीर सोडून नदीवर जात आणि रेतींत झिरे करून घागरी भरीत.

त्यांनीं वाहत्या पाण्यापासून चार हात अलीकडे जागा निवडली आणि हातांनीं रेती उपसूं लागल्या. कडा ढांसळल्या कीं खळगा रुंद करावयाचा, घाई करावयाची नाहीं. वीतभर खोल गेल्यावर तळाशीं ओल दिसूं लागली, मग गढूळ पाणी आलें. तें दोनदां वाटीनें काढून टाकल्यावर जें पाणी भरूं लागलें तें स्फटिकासारखें निवळ! मुलें श्वास रोखून पाहत होतीं. भाऊजींनीं त्यांना समजावून सांगितलें कीं रेतीच्या कणांमध्यें सुमारें एक तृतीयांश जागा मोकळी असते. पावसाचें पाणी त्यांत सांठून राहतें, गाळलें जातें आणि कांठच्या विहिरींना पुरवठा होतो. रेती गेली कीं हें सांठवणही गेलें. आतां नदींत काय काय मिसळतें सांगवत नाहीं, म्हणून आम्हीं तें पाणी मुलांना पिऊं दिलें नाहीं. हात धुतले एवढेंच. पण ज्या कडेनें दुपारीं घात होऊं पाहिला होता ती कड कशी ढांसळते, हें पांचही मुलांनीं झिऱ्याच्या कांठीं आपल्या बोटांनीं अनुभवलें. शंभर वेळां बजावून जें झालें नसतें तें तेवढ्यानें झालें.

जेवणें झाल्यावर वन्संच्या मुलानें विचारलें, "आजी, ही नदी समुद्राला मिळते का?" भाऊजींनीं रेतीवर काठीनें नकाशा काढला. वर्धा सातपुड्यांत मुलताईजवळ उगम पावते, खालीं वैनगंगेस मिळून तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरींत जाते आणि गोदावरी पूर्वेस बंगालच्या उपसागरास मिळते. अकोल्याकडील पूर्णा मात्र पश्चिमेस वाहते, तापीस मिळते आणि तापी सुरतेपाशीं अरबी समुद्रांत शिरते. म्हणजे एकाच अमरावती जिल्ह्यांत पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो! मुलांना याचें केवढें अप्रूप वाटलें! अमरावतीकरांनीं पळसाच्या पानांच्या होड्या वर्धेंत सोडल्या. अकोलेकरांनीं आपल्या होड्या रुमालांत बांधून ठेवल्या, परत जातांना पूर्णेंत सोडावयास. समुद्र पाहावयास गेलेलीं मुलें दोन समुद्रांचे पत्ते घेऊन परत आलीं.

निघतांना आम्ही त्या भोयाला कांहीं देऊं लागलों. त्यानें पैसे घेतले नाहींत. लाडू मात्र घेतले. तो म्हणाला, "चैतात या. डांगरं खायाले." त्याच्या मळ्याच्या दोन्ही अंगांस तसलेच खड्डे होते. रेती कोणी नेली, रीतसर नेली कीं रात्रीं चोरून, हें मी जाणत नाहीं आणि त्याचा निवाडा करणें माझें काम नव्हे. गांवाचें नांव दिलें नाहीं तें यासाठीं कीं दोष त्या गांवाचा नाहीं. रेती उपसली गेलेल्या कोणत्याही नदीवर असे खड्डे असूं शकतात. आपण शहरांत जीं घरें बांधतों त्यांच्या भिंतींतच ही रेती आहे, हें मात्र आपण विसरूं नये.

आतां माझ्या भगिनींना दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करितें. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत सुमारें तीन लाख माणसें बुडून मेलीं आणि त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पांच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारें मूल बहुधा ओरडत नाहीं. मोठ्यांना ऐकूं जाईल असा आवाजच होत नाहीं. म्हणून कान देऊन भागत नाहीं, डोळे द्यावे लागतात. पाण्यांतून काढलेल्या मुलास उलटें धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्याची जुनी समजूत चुकीची आहे. श्वास चालत नसेल तर तोंडानें श्वास देणें व छाती दाबणें हाच उपाय. तो जाणकारांकडून शिकून ठेवावा आणि वैद्यकीय मदत तात्काळ बोलवावी.

दुसरी गोष्ट आपल्या एकत्र कुटुंबाविषयीं. आपल्या घरांत मुलांना दहा डोळे राखतात, हें आपलें भूषण. पण जें सर्वांचें काम तें कोणाचेंच नव्हे, हाही अनुभव आहे. त्या दिवसापासून आमच्या घरीं नवा दंडक झाला आहे : पाण्याकडे जावयाचें तर राखणीचें माणूस नांव घेऊन नेमावयाचें. त्यानें डबा उघडावयाचा नाहीं, फोन पाहावयाचा नाहीं, गप्पा मारावयाच्या नाहींत. अर्ध्या तासानें दुसऱ्यास "आतां तुम्ही" असें तोंडानें सांगून, मुलें मोजून, मगच उठावयाचें. आणि उतरण्यापूर्वीं पाण्याची माहिती त्या कांठच्या माणसास विचारून घ्यावयाची, आणि त्यानें सांगितलें तें ऐकावयाचें.

जुना दंडक मात्र मोडला. येत्या उन्हाळ्यांत पांचही मुलें पोहावयास शिकणार आहेत; वन्सं आपल्या दोघांना अकोल्यास घालणार आहेत. त्यांची फी सासूबाईंनीं आपल्या डब्यांतून काढून ठेवली आहे.

परत येतांना मोटारींत धाकटा सासूबाईंच्या मांडीवर झोंपला होता. त्याच्या मुठींत थोडी रेती होती. घरीं आल्यावर ती झटकून टाकूं लागलें तों सासूबाई म्हणाल्या, "राहूं दे." तुळशीवृंदावनाच्या कोंपऱ्यांत ती मूठभर रेती अजून आहे.